कीर्तीचे ओझे आणि मुखवट्याचे मोल : सुपरहीरोपटांच्या उत्तरभागांचा चिकित्सक अभ्यास

सारांश

सुपरहीरोपटाचा पहिला भाग नायकाला शक्ती कशी मिळाली हे सांगतो. उत्तरभागात त्या शक्तीचा बोलबाला झालेला असतो आणि नायकासमोर लोकांच्या अपेक्षांचा, संशयाचा व मालकीहक्काचा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत निबंधात ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) हा चित्रपट केंद्रस्थानी ठेवून ‘आयर्न मॅन २’ (२०१०), ‘द डार्क नाइट’ (२००८), ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ (२०२१) व ‘क्रिश’ (२००६) या उत्तरभागांतील प्रसिद्धीच्या चित्रणाची चिकित्सा केली आहे. कीर्ती कृतीशी जोडलेली असते व प्रसिद्धी चेहऱ्याशी, हा भेद विवेचनासाठी वापरला आहे. प्रसिद्धीचे ओझे बातमी आणि प्रतिमा यांच्या व्यवहारातून निर्माण होते याची जाण या चित्रपटांना आहे. मात्र त्यावरील उपाय ते बहुधा नायकाच्या एकट्याच्या त्यागात शोधतात, असे निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : उत्तरभाग, मुखवटा, कीर्ती, प्रसिद्धी, वृत्तमाध्यमे, त्याग.

१. प्रस्तावना

लोकप्रिय चित्रपटाच्या उत्तरभागाकडे, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘सिक्वेल’ म्हणतो त्याकडे, गंभीर समीक्षा सहसा संशयाने पाहते. पहिल्या भागाच्या यशावर पुन्हा एकदा पैसा मिळविण्याचा तो उद्योग आहे, ही धारणा त्यामागे असते. व्यावसायिकदृष्ट्या ती चुकीची नाही. परंतु सुपरहीरोपटाच्या बाबतीत या धारणेमुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. पहिल्या भागात नायक अनोळखी असतो. त्याला शक्ती लाभते, तो ती आवरायला शिकतो आणि शेवटी लोकांसमोर येतो. उत्तरभागाची सुरुवात होते तेव्हा तो सर्वांना ठाऊक झालेला असतो. म्हणजे ‘प्रसिद्ध झाल्यानंतर काय?’ हा प्रश्न या चित्रप्रकारात उत्तरभागाच्या वाट्याला रचनेनेच येतो.

या प्रश्नाला जुनी परंपरा आहे. ‘सुपरमॅन २’ (१९८०) मध्ये नायक लोइस लेनसोबत साधे जीवन जगता यावे म्हणून आपली शक्ती सोडून देतो आणि जगावर संकट येताच त्याला ती पुन्हा स्वीकारावी लागते. पुढील अनेक उत्तरभागांत हाच आकृतिबंध निरनिराळ्या रूपांत आढळतो. तो समजून घेण्यासाठी प्रथम काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे.

२. संज्ञांची स्पष्टता : कीर्ती आणि प्रसिद्धी

मराठीत यश, कीर्ती, लौकिक, प्रसिद्धी आणि बोभाटा असे जवळजवळचे शब्द आहेत. त्यांच्या छटा मात्र वेगळ्या आहेत. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याच्या प्रयोजनांत यशाला पहिले स्थान दिले आहे. तेथे अभिप्रेत असलेले यश कृतीमागून येते व कर्त्याच्या पश्चातही टिकते. प्रस्तुत निबंधात या अर्थासाठी ‘कीर्ती’ हा शब्द योजला आहे. ‘प्रसिद्धी’ हा शब्द मात्र आज आपण ‘प्रसिद्धीमाध्यमे’, ‘प्रसिद्धीपत्रक’ अशा जोडशब्दांतून वापरतो. तिच्यामागे एक यंत्रणा असते आणि तिला चेहरा व नाव लागते. कृती नसली तरी तिचे भागते.

सुपरहीरोचा मुखवटा या दोहोंच्या मधोमध उभा आहे. मुखवट्यामुळे कृती लोकांसमोर येते आणि कर्ता झाकलेला राहतो. कीर्ती मुखवट्याला मिळते. घरभाडे, नोकरी, परीक्षा आणि नातीगोती मुखवट्याआडच्या माणसाला सांभाळावी लागतात. ही विभागणी कितपत टिकते, हे पाहणे हाच उत्तरभागांचा मुख्य विषय आहे.

३. ‘स्पायडर-मॅन २’ : बिनश्रेयाचे काम

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये निर्माण केलेल्या स्पायडर-मॅनच्या मूळ कथेतच प्रसिद्धीविषयी एक सावध भूमिका आहे. शक्ती लाभल्यावर पीटर पार्कर प्रथम समाजसेवेकडे वळत नाही. तो दूरचित्रवाणीवर खेळ करून नाव कमावू लागतो. त्या गुर्मीत तो एका चोराला पळून जाऊ देतो आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. सॅम रेमी यांच्या २००२ मधील चित्रपटात दूरचित्रवाणीऐवजी कुस्तीचा आखाडा आहे, पण तात्पर्य तेच आहे. या नायकाची जबाबदारीची जाणीव प्रसिद्धीच्या मोहातून घडलेल्या चुकीवर उभी आहे.

रेमी यांचाच ‘स्पायडर-मॅन २’ ही जाणीव दैनंदिन व्यवहाराच्या पातळीवर आणतो. चित्रपटाच्या आरंभी पीटर पिझ्झा पोचविण्याचे काम वेळेत करू शकत नाही व ती नोकरी गमावतो. खोलीचे भाडे थकलेले आहे, महाविद्यालयातील अभ्यास मागे पडला आहे. उत्पन्नाचे उरलेले साधन म्हणजे ‘डेली ब्यूगल’ या वृत्तपत्राला स्पायडर-मॅनची छायाचित्रे विकणे. संपादक जे. जोना जेमसन ती छायाचित्रे स्पायडर-मॅनला समाजकंटक ठरविण्यासाठी वापरतो. येथे एक विलक्षण आर्थिक संबंध दिसतो. पीटर स्वतःच्याच प्रतिमेचा पुरवठादार आहे आणि त्याच्या पोटाची सोय त्याच्याच बदनामीतून होते. प्रसिद्धीच्या कारखान्यात तो कच्चा मालही आहे आणि मजूरही. खलनायकाचे नावसुद्धा याच कारखान्यात तयार होते. शास्त्रज्ञ ऑटो ऑक्टेव्हियस याचे ‘डॉक्टर ऑक्टोपस’ हे बारसे वृत्तपत्राच्या कचेरीत होते आणि त्याचे श्रेय संपादक स्वतःकडे घेतो.

मेरी जेनच्या कथानकाकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. ती या चित्रपटात प्रसिद्धीच्या उलट टोकाला आहे. अत्तराच्या जाहिरातीच्या फलकांवर तिचा चेहरा झळकतो आहे आणि ती रंगभूमीवर ऑस्कर वाइल्ड यांच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकात भूमिका करते आहे. या नाटकाचा नायक गावाकडे एका नावाने आणि शहरात दुसऱ्या नावाने वावरतो. दुहेरी नावाचा हा खेळ पाहायला निघालेला पीटर स्वतःच्या दुहेरी नावामुळे उशिरा पोचतो आणि त्याला नाट्यगृहाच्या दारातच अडविले जाते. वाइल्ड यांच्या नाटकात दोन नावांची परिणती विवाहात होते. पीटरच्या वाट्याला बंद दार येते. नाटकाचा इतिहासही येथे आठवतो. १८९५ मध्ये वाइल्ड यांना अटक झाल्यावर नाटकाच्या जाहिरातीतून त्यांचे नाव काढून टाकण्यात आले होते. कृती रंगमंचावर राहिली, कर्त्याचे नाव पुसले गेले. दिग्दर्शकाच्या मनात हा संदर्भ होता असा दावा येथे नाही. चित्रपटाच्या आशयाशी तो सुसंगत आहे एवढेच नोंदवायचे आहे.

या ताणाखाली पीटरची शक्ती ओसरते. तो पोशाख कचराकुंडीत टाकून निघून जातो. या दृश्याचा उगम जुलै १९६७ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या पन्नासाव्या अंकात आहे. पोशाख टाकल्यानंतर पीटर एका जळत्या इमारतीत शिरून लहान मुलाला वाचवतो. त्या वेळी त्याच्याजवळ शक्तीही नसते आणि मुखवटाही नसतो. मूल वाचते, पण इमारतीतच अडकलेली दुसरी व्यक्ती दगावल्याचे त्याला कळते. या प्रसंगातून चित्रपट एक बारीक भेद करतो. पीटरला नकोशी झालेली गोष्ट मदत करणे ही नव्हती. ‘नेहमी तूच आले पाहिजेस’ ही अपेक्षा त्याला असह्य झाली होती.

चित्रपटाचा गाभा आगगाडीच्या प्रसंगात आहे. उन्नत मार्गावरून बेफाम धावणारी गाडी थांबविताना पीटरच्या चेहऱ्यावर मुखवटा नसतो. तो बेशुद्ध होऊन कोसळू लागतो तेव्हा प्रवासी त्याला सावरतात, डोक्यांवरून हातोहात आत नेतात आणि खाली निजवतात. हा तर कोवळा पोरगा आहे, असे त्यांच्या लक्षात येते. दोन लहान मुले त्याचा मुखवटा परत करतात आणि कोणाला सांगणार नाही असा शब्द देतात. डब्यातील प्रत्येकाच्या हाती त्या क्षणी शहरातील सर्वांत महागडी बातमी आहे. ती विकायची नाही, असे ते सारे मिळून ठरवतात. या एका प्रसंगात प्रसिद्धीच्या ओझ्यावरचा खरा उपाय सुचविलेला आहे. ते ओझे नायकाच्या सहनशीलतेने हलके झालेले नाही. पाहणाऱ्यांच्या संयमाने ते हलके झाले आहे. कीर्ती जिवंत ठेवून प्रसिद्धी नाकारण्याचे काम येथे समूह करतो. आज हा प्रसंग पाहताना मनात येणारी पहिली शंका अशी, की आता त्या डब्यात किती मोबाईल उंचावले गेले असते? ही शंका चित्रपटाचे मोल कमी करत नाही. दरम्यानच्या काळात आपण काय गमावले, हे ती दाखवते.

‘स्पायडर-मॅन ३’ (२००७) मध्ये या धड्याची उलट बाजू येते. आता शहर नायकाचा उत्सव साजरा करते, त्याला मानाची किल्ली देण्याचा सोहळा होतो. मेरी जेनला मात्र रंगभूमीवर प्रतिकूल परीक्षणांना तोंड द्यावे लागते, आणि टीका आपणही सोसली आहे असे सांगून पीटर तिचे दुःख किरकोळ ठरवतो. स्वतःच्या प्रसिद्धीत रमलेल्या माणसाला दुसऱ्याची अप्रसिद्धी दिसत नाही, हे चित्रपटाने अचूक टिपले आहे. तीन खलनायक व अनेक उपकथानके यांच्या गर्दीत हे सूत्र पुढे विरून जाते.

४. ‘आयर्न मॅन २’ : मुखवट्याविना

जॉन फॅवरो दिग्दर्शित ‘आयर्न मॅन’ (२००८) च्या शेवटी टोनी स्टार्क पत्रकार परिषदेत स्वतःच आपली ओळख उघड करतो. मुखवट्याचा करार त्याने पहिल्याच भागात मोडला, म्हणून उत्तरभागाचे प्रश्न निराळे आहेत. सिनेटची समिती त्याच्याकडे चिलखताची मागणी करते. हे चिलखत आणि मी एकच आहोत, असा त्याचा युक्तिवाद असतो. छातीतील ज्या यंत्रावर त्याचा जीव अवलंबून आहे त्यातील पॅलेडियम त्याचे रक्त विषारी करत आहे. जे जगवते तेच मारते, हे रूपक प्रसिद्धीलाही लागू पडते. वाढदिवसाच्या मेजवानीत चिलखत घालून मद्यधुंद झालेला स्टार्क म्हणजे कृतीपासून सुटलेली निव्वळ प्रसिद्धी होय.

तथापि या चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण दृश्य अगदी आरंभीचे आहे. मॉस्कोतील एका दरिद्री खोलीत स्टार्कची ती पत्रकार परिषद दूरचित्रवाणीवर चालू आहे आणि तेथे अँटन व्हान्को मरणपंथाला लागला आहे. स्टार्कच्या वडिलांसोबत ज्या शोधावर त्याने काम केले त्या शोधाच्या इतिहासात त्याचे नाव नाही. एकाच्या नावाचा गजर होतो तेव्हा दुसऱ्या कोणाचे तरी नाव गळालेले असते, हा विचार येथे बीजरूपाने आहे. चित्रपट तो वाढवत नाही. अँटन धनलोभी होता असे एका संवादात सांगून श्रेयाचा प्रश्न मिटवला जातो आणि त्याचा मुलगा इव्हान केवळ सूडाने पेटलेला खलनायक उरतो. संयुक्त संशोधनातील श्रेयवाटपाचा प्रश्न अध्यापकवर्गाला अपरिचित नाही. त्यामुळे ही सोयीस्कर सोडवणूक विशेष खटकते.

५. ‘द डार्क नाइट’ : नावाची अदलाबदल

ख्रिस्तोफर नोलन यांचा चित्रपट प्रसिद्धीकडे राज्यव्यवहाराच्या अंगाने पाहतो. आरंभीच बॅटमॅनची नक्कल करणारे सामान्य नागरिक शस्त्रे घेऊन रस्त्यावर उतरलेले दिसतात. कीर्ती अनुकरण घडवते, आणि त्या अनुकरणावर मूळ कर्त्याचा ताबा नसतो. पुढे जोकर मागणी करतो, की बॅटमॅनने मुखवटा काढावा, अन्यथा रोज माणसे मरतील. म्हणजे नायकाचे अनामपण हाच शहरावरचा दंड ठरतो. भेदरलेले लोकही तीच मागणी करू लागतात. तेव्हा सरकारी वकील हार्वी डेंट पत्रकार परिषदेत आपणच बॅटमॅन असल्याचे सांगतो.

शेवटी नावांची दुसरी अदलाबदल होते. डेंटने केलेले खून बॅटमॅन स्वतःच्या माथी घेतो, जेणेकरून डेंटचे नाव निष्कलंक राहावे. या अपकीर्तीच्या स्वीकारात करुणेची भव्यता आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु नागरिकांना सत्य पेलणार नाही, हे गृहीतक त्यामागे आहे. ‘द डार्क नाइट राइजेस’ (२०१२) या पुढील भागाने ते तपासले, ही या मालिकेची प्रामाणिक बाजू होय. आठ वर्षे त्या खोट्या नावावर कठोर कायदा चालतो आणि बेन हा खलनायक तुरुंगासमोर सत्य वाचून दाखवतो तेव्हा सारी इमारत कोसळते. रेमींच्या आगगाडीतील प्रवाशांना सत्य कळते आणि ते त्याचे रक्षण करतात. नोलन यांच्या गॉथममध्ये नागरिकांवर तेवढा विश्वास टाकला जात नाही.

६. ‘नो वे होम’ : विस्मरणाची मागणी

जॉन वॉट्स यांच्या ‘स्पायडर-मॅन : फार फ्रॉम होम’ (२०१९) च्या शेवटी एका फेरफार केलेल्या चित्रफितीद्वारे पीटरवर खुनाचा आरोप येतो आणि त्याचे खरे नाव जगजाहीर होते. ते प्रसारित करणारा जेमसन आता छापील वृत्तपत्राचा संपादक नसून संकेतस्थळावरून बोलणारा निवेदक आहे. ‘नो वे होम’मध्ये त्याचे परिणाम येतात. घरावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतात आणि केवळ पीटरचे मित्र म्हणून नेड व एमजे यांना विद्यापीठात प्रवेश नाकारला जातो. बदनामीचा भुर्दंड जवळच्या माणसांनी भरावा, ही बाब या चित्रपटाने ठसठशीतपणे मांडली आहे. शेवटी पीटर पार्कर नावाचा कोणी आहे हेच सारे जग विसरते. तो भाड्याच्या लहानशा खोलीत स्वतःचा पोशाख स्वतः शिवतो. २००४ मधील पीटर ज्या खोलीतून सुटू पाहत होता, तशाच खोलीत २०२१ मधील पीटर आसरा शोधतो.

दोन चित्रपटांमधील अंतर येथे मोजता येते. २००४ मध्ये डबाभर माणसे गुपित राखू शकतात, असे मानणे शक्य होते. २०२१ मध्ये जगाच्या संयमावर भिस्त ठेवणे कथेला अशक्य वाटते, म्हणून जगाची स्मृतीच पुसावी लागते, आणि तीही जादूने.

७. ‘क्रिश’ : श्रेय दुसऱ्याला

राकेश रोशन यांचा ‘क्रिश’ हा ‘कोई मिल गया’ (२००३) चा उत्तरभाग असून त्यात हाच प्रश्न भारतीय कुटुंबव्यवस्थेतून मांडला गेला आहे. असामान्य क्षमतेमुळे मुलगा गमावलेली आजी नातवाला डोंगराळ भागात लपवून वाढवते. त्याला शहरात, म्हणजे सिंगापूरला, आणले जाते ते दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमासाठी. प्रेमाचा देखावा करून प्रिया त्याला बोलावते. येथे प्रसिद्धी फसवणुकीच्या वाटेने येते. सर्कशीतील आगीतून मुलांना वाचविल्यावर जाहीर झालेले बक्षीस मात्र कृष्णा स्वतः घेत नाही. बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे जमविणाऱ्या क्रिस्टियनला तो आपल्या जागी पुढे करतो. कीर्तीचे रूपांतर येथे उपचाराच्या खर्चात होते. मुखवट्याचा हा उपयोग वरील एकाही अमेरिकी चित्रपटाला सुचलेला नाही. चित्रपट अन्यत्र कितीही बाळबोध असला, तरी नाव देऊन टाकता येते आणि त्यातून कोणाचे तरी भले होते, ही त्याची कल्पना दखल घेण्याजोगी आहे.

८. उत्तरभाग : प्रसिद्धीचेच अपत्य

या चित्रपटांच्या आशयात आणि उत्पादनपद्धतीत एक विसंगती आहे. प्रसिद्धीचे दुष्परिणाम सांगणारी कथा पहिल्या भागाच्या प्रसिद्धीवरच विकली जाते. ‘द डार्क नाइट’ने जगभरात १०० कोटी डॉलरपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. ‘नो वे होम’मध्ये ही विसंगती टोकाला जाते. टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड व टॉम हॉलंड असे तीन स्पायडर-मॅन त्यात एकत्र येतात; आल्फ्रेड मोलिना १७ वर्षांनंतर डॉक्टर ऑक्टोपस म्हणून परततात. प्रेक्षकांना हे सारे चेहरे आठवतात म्हणून चित्रपट चालतो, आणि कथा मात्र सर्वांनी विसरण्यात नायकाचे हित पाहते. चेहरा झाकणाऱ्या नायकाची कथा चेहऱ्यांच्या बळावर उभी राहावी, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

यामुळे हे चित्रपट दांभिक ठरतात काय? तसे म्हणणे घाईचे होईल. ज्या व्यवस्थेत आपण उभे आहोत तिच्यावर तिच्याच पैशाने टीका करणे कलेला नवे नाही. मात्र या टीकेला एक ठरावीक मर्यादा पडते. वृत्तपत्र, वाहिनी, समिती आणि कंपनी यांचे व्यवहार दाखविले जातात, पण शेवटी किंमत मोजतो तो एकटा माणूस. पीटर प्रेमाचा त्याग करतो, बॅटमॅन नावाचा करतो, नवा पीटर स्वतःच्या ओळखीचा. ‘डेली ब्यूगल’ मात्र सुरूच राहतो. व्यवस्थेतून निर्माण झालेले ओझे नैतिक कसोटी म्हणून व्यक्तीच्या खांद्यावर ठेवायचे आणि तिने ते वाहिले म्हणून तिचा गौरव करायचा, हा या चित्रप्रकाराचा वैचारिक सोयीचा मार्ग आहे. समाजसेवा, शिक्षण, वैद्यकसेवा अशा क्षेत्रांत कष्टणाऱ्यांविषयी आपणही अनेकदा याच भाषेत बोलतो. कामाचा बोजा कमी करण्याऐवजी तो वाहणाऱ्याचा सत्कार करतो. म्हणून हा मार्ग केवळ करमणुकीपुरता मर्यादित मानता येत नाही.

९. निष्कर्ष

१. सुपरहीरोपटाचा उत्तरभाग ही केवळ पुनरावृत्ती नसते. प्रसिद्ध झालेल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न मांडण्याची संधी त्याला रचनेतूनच मिळते.

२. मुखवटा कीर्ती आणि प्रसिद्धी यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. तो निघाला की प्रसिद्धी कृतीला गिळते. ‘आयर्न मॅन २’ व ‘नो वे होम’ ही त्याची दोन उदाहरणे होत.

३. प्रसिद्धीमागील यंत्रणेचे चित्रण या चित्रपटांत सूक्ष्म आहे, परंतु उपाय म्हणून व्यक्तिगत त्याग पुढे केला जातो.

४. याला महत्त्वाचा अपवाद ‘स्पायडर-मॅन २’मधील आगगाडीच्या प्रसंगाचा आहे. तेथे ओझे वाहण्याची जबाबदारी पाहणाऱ्यांवर येते आणि ते ती स्वीकारतात.

आपल्या वर्गातील विद्यार्थी या चित्रपटांच्या सहवासात वाढले आहेत आणि स्वतःचे छायाचित्र रोज प्रसृत करण्याची सवय त्यांच्या अंगवळणी पडली आहे. त्यांच्यासमोर वाइल्ड यांच्या नाटकाशेजारी रेमींचा चित्रपट ठेवला, तर नाव, चेहरा व कृती यांच्या संबंधांची चर्चा सहज सुरू होऊ शकते. त्या चर्चेत नायकाच्या त्यागाइतकेच त्या डब्यातील निनावी प्रवाशांच्या मौनाकडे लक्ष वेधावे, असे प्रस्तुत अभ्यासाअंती सुचवावेसे वाटते.